पाच कोरे चौकोन

लोको शेडमधून रिटायर झालो,
वही सुटली नाही.
रेल्वे ग्राउंडवर निंबाच्या बुडाशी माझं टेबल,
एका पायाखाली विटेचा तुकडा,
दोन रिफिली, निळी आणि लाल.
भुसावळच्या उन्हात शाईसुद्धा पातळ होते,
चौका लिहावा तर मागच्या पानावर उमटतो.

सुभान तडवी पहिल्यांदा आला तेव्हा
मी नाव विचारलं, त्यानं आधी गाव सांगितलं,
यावलच्या वर, जिथून एसटी परत फिरते.
कॅनव्हासचे बूट, एकातून अंगठा बाहेर.
डावखुरा.
पहिल्याच षटकात सहा टिंबं.
सहा टिंबं जोडली की मेडनचा एम होतो.
मी तो एम जरा रुंदच काढला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे,
म्हणजे पेपरात आलं तितकं.
एकविसाव्या वर्षी देशाची टोपी.
अठरा दिवसांत दोन सामने,
छत्तीस चेंडू, बळी एकही नाही.
मग मणक्यात केसाएवढी चीर.
मग दुसरा कोणी डावखुरा.
चौकातला बॅनर कोणी उतरवला नाही,
वाऱ्यानं एक कोपरा नेला,
उरलेल्यानं एका गाडीवाल्यानं केळीचे घड झाकले.

पहिला सामना मी घरी टीव्हीपुढं मांडला,
पाटावर वही.
बायको म्हणाली, तिथं त्यांचा स्कोअरर असेल की.
असेल.
सुभानच्या तिसऱ्या षटकाचा पहिला चेंडू, टिंब,
आणि लाईट गेली.
आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.
धूर निघत होता, निवांत.
लाईट आली तेव्हा षटक संपलं होतं,
तो सीमेवर उभा, बाहीनं तोंड पुसत.

सकाळी पेपर होता, शेजाऱ्याचा मोबाईल होता,
पण पाहिलं नाही ते मी लिहीत नाही.
पाच चौकोन कोरे ठेवले.
बेरीज तशीच लटकलेली.

परवा आला. सहा वर्षांनी.
सोळाच्या आतली पोरं घेऊन, गळ्यात शिट्टी.
चालताना डावा खांदा अजून आधी येतो.
जेवणाच्या सुट्टीत मी जुनी वही काढली,
कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
खुर्ची दिली तर घेतली नाही,
उकिडवा बसला मातीत.

"मले आठवते काका. लिहा.
दुसरा, चौका. हात ओला होता, आखूड पडला.
तिसरा, टिंब.
चौथा, मिडऑनच्या बोटाले लागून…
राहू द्या. एक धाव.
पाचवा, टिंब. हा चांगला होता.
असा आत आला,"
बोटानं मातीत रेघ ओढली,
शेवटी किंचित वळलेली,
आणि तिच्याकडेच बघत राहिला.
यार्डात मालगाडी शंटिंगला होती,
डब्यामागून डबा धक्का खात गेला,
शेवटच्या डब्यापर्यंत.

"आणि सहावा?"

"वाईड लिहा.
अंपायरनं दिला नाही, पण वाईडच होता.
मले दिसला नं."

म्हटलं, बाबा,
अंपायरनं हात पसरले नाहीत
तर माझ्या वहीत वाईड नसतो.

"मग टिंब?"

टिंब.

हसला. म्हणाला, इतक्या वर्षांनी
एक टिंब फुकटात भेटलं.

मी पाहिलं नव्हतं. तरी लिहिलं.
बेरीज केली, पेपरशी जुळली.
लाल रिफिल उगाच काढून ठेवली होती,
ती डबीत टाकली.

तो उठला, रेघेवर पाय पडणार नाही असा,
शिट्टी वाजवत पोरांकडे गेला.
पाचव्या चेंडूचं टिंब मी पुन्हा गिरवलं,
शाई पसरेपर्यंत.

दुसरा डाव सुरू झाला.
पहिलाच चेंडू पोराच्या पॅडला लागून मागं गेला,
धाव निघाली.
बाय की लेगबाय,
मी अंपायरच्या हाताकडे बघतोय.